लघुअंतर कंटेनर वाहतूक आणि आधुनिकीकरणाचा चुकलेला हिशोब : छत्रपती संभाजीनगर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठवाड्याच्या औद्योगिक विकासाची चर्चा बहुधा कारखाने, गुंतवणूक आणि महामार्ग या तीन शब्दांभोवती फिरत राहते. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा व बिडकीन या औद्योगिक क्षेत्रांविषयी लिहिताना किती एकर जमीन संपादित झाली, किती कोटींचे सामंजस्य करार झाले आणि मुंबई किती तासांवर आली, याची नोंद तत्परतेने घेतली जाते. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलेला माल रेल्वेच्या वाघिणीवर किंवा द्रुतगती मार्गावर चढेपर्यंत जे पंधरा ते चाळीस किलोमीटरचे अंतर तोडतो, त्याकडे मात्र अभ्यासकांचे व धोरणकर्त्यांचेही फारसे लक्ष गेलेले नाही. हे अंतर एवढे किरकोळ आहे की त्याचा स्वतंत्र विचार करावा असे कोणास वाटू नये, हे स्वाभाविकच होय. तथापि या वाहतुकीचे अर्थशास्त्र लांब पल्ल्याच्या वाहतुकीहून केवळ आकाराने नव्हे, तर स्वरूपाने भिन्न आहे. लांब पल्ल्यासाठी आखलेले आधुनिकीकरण जसेच्या तसे तिला लावल्यामुळे अपेक्षित लाभ तिच्या वाट्यास येत नाही. प्रस्तुत लेखात या विसंगतीची चिकित्सा केली आहे.

संकल्पना आणि स्थानिक चित्र

२६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूक व्यावसायिकाने 'आयडियल-एक्स' या जहाजावरून ५८ पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेल्या, तेव्हापासून आधुनिक कंटेनर वाहतुकीचा प्रारंभ मानला जातो. माल न हाताळता केवळ पेटी हाताळावयाची आणि तीच पेटी जहाज, रेल्वे व ट्रक यांवरून पुढे सरकवावयाची, ही ती कल्पना. भारतात पहिला अंतर्देशीय कंटेनर डेपो १९८१ मध्ये बंगळूर येथे सुरू झाला. १९८८ मध्ये भारतीय कंटेनर निगमाची (कॉनकॉर) स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. बंदराची कामे देशाच्या अंतर्भागात आणणारी ही व्यवस्था मराठवाड्यात आली ती दौलताबादनजीक माळीवाडा येथील डेपोच्या रूपाने. मनमाडहून येणारा लोहमार्ग मीटरगेज होता तोवर न्हावा शेव्याशी सलग रेल्वे वाहतूक शक्यच नव्हती. १९९० च्या दशकात रुंदीकरण झाले आणि ही अडचण दूर झाली.

१९८५ मध्ये बजाज ऑटोचा प्रकल्प वाळूजला आला व त्याभोवती सुट्या भागांच्या कारखान्यांचे जाळे उभे राहिले. २००१ मध्ये स्कोडाने शेंद्रा येथे मोटारींची जुळणी सुरू केली. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेअंतर्गत शेंद्रा-बिडकीन येथे सुमारे दहा हजार एकरांवर 'ऑरिक' वसविण्याचे ठरले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तेथील प्रशासकीय इमारतीचे उद्घाटन झाले. याचा भौगोलिक परिणाम असा की डेपो शहराच्या पश्चिमेस आणि नवे उद्योग पूर्वेस व दक्षिणेस, अशी मांडणी होऊन बसली. वाळूजचा माल करोडी-शरणापूरमार्गे माळीवाड्यास जाऊ शकतो. चिकलठाणा-शेंद्र्याकडील पेटीला मात्र भर वस्तीतून जाणारा जालना रस्ता, नगर नाका व पडेगाव-मिटमिटा असा मार्ग धरावा लागतो, किंवा बीड बायपासचा वळसा घ्यावा लागतो. शहरांतर्गत रस्त्यांवर दिवसाच्या ठरावीक वेळात अवजड वाहनांना प्रवेश नसतो. त्यामुळे अंतर किलोमीटरमध्ये अल्प असले तरी घड्याळात ते अल्प राहत नाही.

येथे शब्दाच्या एका घोटाळ्याचा उल्लेख आवश्यक आहे. मराठी वृत्तपत्रांत 'कंटेनरची दुचाकीस धडक' अशा स्वरूपाच्या ज्या बातम्या येतात, त्यांतील कंटेनर म्हणजे बहुतेक वेळा बंदिस्त पत्र्याचा ट्रक असतो. त्याची पेटी सांगाड्याला कायमची जोडलेली असते. प्रस्तुत विवेचनातील कंटेनर म्हणजे वीस किंवा चाळीस फुटी, सुटी होणारी प्रमाणित पेटी होय. ती ट्रेलरवर कोपऱ्यांतील कुलपांनी बसते आणि ट्रेलर ओढणाऱ्या पुढील भागास चालकवर्ग 'घोडा' म्हणतो. इंग्रजीत या लघुअंतर वाहतुकीस 'ड्रेयेज' म्हणतात, तेही मूळ 'ड्रे' या घोड्याने ओढावयाच्या मालगाडीवरून. दोन्ही भाषांत घोडा टिकून राहिला आहे, ही मौजेची बाब. पण अशी शब्दसरमिसळ स्थानिक आकडेवारीतही उतरली, तर दोन अगदी भिन्न व्यवसाय एकाच रकान्यात मोजले जाण्याचा धोका असतो.

फेरीचे गणित

लांब पल्ल्याच्या ट्रकची मिळकत किलोमीटरवर ठरते. लघुअंतर वाहतुकीत ती फेऱ्यांवर ठरते. हा भेद स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक पण व्यवहाराला धरून असलेले उदाहरण घेता येईल. डेपो व कारखाना यांत पंचवीस किलोमीटर अंतर आहे आणि ट्रेलरचा सरासरी वेग ताशी पंचवीस किलोमीटर आहे असे मानू. जाण्यायेण्याचे पन्नास किलोमीटर दोन तासांत होतात. रिकामी पेटी उचलण्यासाठी डेपोत दीड तास, कारखान्यात माल भरण्यासाठी तीन तास आणि भरलेली पेटी उतरविण्यासाठी पुन्हा दीड तास धरला, तर वाहन सहा तास उभे राहते. एकूण फेरी आठ तासांची झाली. आता रस्ता इतका सुधारला की वेग दुप्पट झाला, असे गृहीत धरू. फेरी सात तासांवर येते आणि बारा तासांच्या दिवसात तरीही एकच फेरी होते. उलट रस्ता आहे तसाच ठेवून उभे राहण्याचा वेळ निम्मा केला, तर फेरी पाच तासांची होते आणि त्याच दिवसात दोन फेऱ्या बसतात.

हेच गणित साडेतीनशे किलोमीटरवरील न्हावा शेव्यास लावले असता चित्र पालटते. ताशी पस्तीस किलोमीटर वेगाने जाण्यायेण्यास वीस तास लागतात. तेथे वेग दुप्पट होताच दहा तास वाचतात आणि उभे राहण्याचे सहा तास त्यापुढे गौण ठरतात. म्हणजे रस्त्यावर खर्च केलेला रुपया लांब पल्ल्यास जे देतो ते लघुअंतरास देऊ शकत नाही. ट्रेलरचा बँकेचा हप्ता, विमा, कर व चालकाचे वेतन हे सारे दिवसाच्या हिशोबाने चालतात. वाहन धावो वा न धावो, ते थांबत नाहीत. व्यवसायातील 'गाडी खोटी होणे' हा शब्दप्रयोग याच नुकसानीचा निदर्शक आहे.

पेटीच्या वेळेला दर, वाहनाच्या वेळेला नाही

ही खोटी कमी का होत नाही, याचे उत्तर तंत्रज्ञानाच्या अभावात शोधण्याची प्रथा पडली आहे. वास्तविक ते करारांच्या रचनेत सापडते. कंटेनर हा जहाज कंपनीच्या मालकीचा किंवा ताब्यातील असतो. तो ठरलेल्या मोफत दिवसांपलीकडे अडकला तर कंपनी दिवसागणिक आकार लावते. डेपोच्या आवारात पेटी जास्त काळ पडून राहिली तर जागेचे भाडे चढू लागते. रेल्वेची वाघीण मुदतीपलीकडे रोखली तर विलंबशुल्क तासाच्या हिशोबाने आकारले जाते. साखळीतील प्रत्येक मौल्यवान साधनाच्या वेळेला असा दर आहे. अपवाद एकच : ट्रेलर आणि त्यावरील चालक. बिल्टीवर अथवा भाड्याच्या बोलीत थांबण्याबद्दल भरपाईची तरतूद कधीकधी असते. मात्र निर्यातदार, त्याचा मालप्रेषण प्रतिनिधी, वाहतूक कंत्राटदार आणि प्रत्यक्ष ट्रेलरमालक अशा तीन-चार पायऱ्या उतरेपर्यंत ती बहुधा विरून जाते. २००७ चा रस्ता मालवाहतूक कायदा १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्याचा रोख मुख्यतः मालाच्या नुकसानीबाबत वाहतूकदाराची जबाबदारी ठरविण्यावर आहे. वाहनाच्या खोळंब्याची जबाबदारी माल पाठविणाऱ्यावर वा उतरवून घेणाऱ्यावर टाकणे हा त्याचा विषय नाही.

ज्या वेळेची किंमत कोणालाच द्यावी लागत नाही, तो वेळ वाचविण्यात कोणासही स्वारस्य नसते. कारखान्याच्या गोदामप्रमुखाच्या दृष्टीने बाहेर तीन ट्रेलर रांगेत उभे असणे ही सोय आहे, कारण मालाचे काम त्यामुळे कधीच अडत नाही. डेपोच्या दृष्टीनेही यंत्र मोकळे राहण्यापेक्षा वाहनांची रांग बरी. दोघेही आपापल्या जागी शहाणपणाने वागत असतात आणि त्या शहाणपणाचा खर्च तिसऱ्याच्या खात्यावर पडतो. महाराष्ट्रातील ट्रकमालकांनी वाराईच्या प्रश्नावर 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही घोषणा दिली, ती माल भरण्या-उतरविण्याच्या मजुरीपुरती होती. तिच्यातील तत्त्व वेळेलाही लावता येण्यासारखे होते, पण त्या दिशेने मागणी पुढे सरकली नाही.

रिकाम्या पेटीचा प्रश्न याच सदरात मोडतो. जालन्याच्या पोलाद उद्योगासाठी लागणारे भंगार जड असल्याने वीस फुटी पेटीस अनुकूल ठरते, तर वाळूजच्या दुचाकी व कापसाच्या गाठी यांसारखा जागा व्यापणारा माल चाळीस फुटी पेटी मागतो. म्हणून आलेली पेटी जाणाऱ्या मालास उपयोगी पडेलच असे नाही. शिवाय पेटी ज्या जहाज कंपनीची, तिच्याच मालासाठी ती वापरावी लागते. परिणामी ट्रेलर एका बाजूस रिकामी पेटी वाहतो, किंवा पेटीविनाच परततो.

चालकाचा दिवस

उभ्या वाहनाचा विचार करताना त्यात बसलेल्या माणसास वगळता येणार नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती, पण तो पाच वा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांनाच लागू होता. लघुअंतर वाहतुकीतील मालक पुष्कळदा एक-दोन ट्रेलरचा धनी असतो, कित्येकदा तोच चालकही असतो. साहजिकच या क्षेत्राचा मोठा भाग कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिने या कायद्याची जागा घेतली. तिच्यात मोटार वाहतूक उपक्रमासाठी किमान दहा कामगारांची अट आहे. सुधारणेच्या नावाखाली संरक्षणाचा उंबरठा पाचावरून दहावर गेला, याची चर्चा झालीच नाही असे म्हणता येईल.

१ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहनांत वातानुकूलित चालककक्ष बंधनकारक झाला आहे. मराठवाड्यातील वैशाखाचा उन्हाळा पाहता या नियमाचे स्वागतच करावयास हवे. परंतु वातानुकूलन यंत्र इंजिन सुरू असतानाच चालते. महामार्गावर धावणाऱ्या चालकास त्याचा लाभ होईल. डेपोच्या फाटकावर दीड तास उभ्या असलेल्या चालकास इंजिन सुरू ठेवून डिझेल जाळावे लागेल, किंवा यंत्र बंद करून पूर्वीप्रमाणेच खिडकी उघडावी लागेल. डिझेलचा हिशोब मालकाला द्यावयाचा असल्याने तो काय करील, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. धावते वाहन डोळ्यांसमोर ठेवून केलेला नियम उभ्या वाहनास कसा अपुरा पडतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

थांबण्याच्या जागेचाही प्रश्न आहे. औद्योगिक वसाहतींतील रस्त्यांच्या कडेला ट्रेलर उभे करण्यावाचून चालकांस अनेकदा गत्यंतर नसते. उभे वाहन हा केवळ अर्थशास्त्राचा विषय नाही, हे १५ ऑक्टोबर २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर वैजापूर तालुक्यातील जांबरगावनजीक झालेल्या अपघाताने दाखविले. तेथे थांबलेल्या ट्रकवर प्रवासी वाहन आदळून १२ जणांना प्राण गमवावे लागले.

धोरणांची चिकित्सा

१७ सप्टेंबर २०२२ रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाचा मुख्य आधार असा होता की भारताचा लॉजिस्टिक्स खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १३-१४ टक्के असून तो जागतिक पातळीवर आणावयाचा आहे. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने (एनसीएईआर) डिसेंबर २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजात हा खर्च २०२१-२२ साठी ७.८ ते ८.९ टक्के निघाला. एका वर्षात खर्च निम्मा झाला असा याचा अर्थ नव्हे. आधीचा आकडाच पुरेशा मोजणीविना प्रचलित होता. या प्रसंगातून घेण्याचा मुद्दा असा की ज्या देशात एकूण खर्चाचीच मोजणी इतकी उशिरा झाली, तेथे डेपोच्या फाटकावरील दीड तासाची मोजणी धोरणात असेल अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल.

प्रादेशिक पातळीवर तीन गोष्टींचा विचार करावा लागतो. पहिली, जालन्याचा ड्राय पोर्ट. २५ डिसेंबर २०१५ रोजी दरेगाव येथे त्याची पायाभरणी झाली आणि पुढे २०२२ मध्ये बहुविध लॉजिस्टिक्स पार्क म्हणून त्याची नवी आखणी करण्यात आली. जालना-शेंद्रा पट्ट्यासाठी पूर्वेकडे डेपो असणे निःसंशय उपयुक्त आहे, कारण त्यामुळे शहर ओलांडण्याचे कष्ट वाचतील. दुसरी, महाराष्ट्राचे २०२४ चे लॉजिस्टिक्स धोरण. त्यात छत्रपती संभाजीनगर-जालना हे राज्यस्तरीय केंद्रांपैकी एक धरले आहे. या दोहोंची भाषा मात्र एकरांची आहे. किती जागा, किती गोदामे, किती कोटी, हे त्यांत सापडते. डेपोच्या फाटकातून ट्रेलर किती वेळात बाहेर पडेल, याचे बंधन तेथे आढळत नाही.

तिसरी गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी-आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. ७०१ किलोमीटरच्या या मार्गाला माळीवाडा व सावंगी येथून शिरता येते. त्याआधी, २०१७ पासून, निर्यातदारांना इलेक्ट्रॉनिक सीलद्वारे आपल्याच कारखान्यात पेटी मोहोरबंद करण्याची सोय मिळाली होती. या दोहोंचा एकत्रित परिणाम असा की कारखान्यातून भरलेली पेटी डेपोला वळसा घालून थेट न्हावा शेव्याकडे नेणे अधिक आकर्षक झाले आहे. रेल्वेने जावे असे धोरण सांगते आणि रस्त्याने जावे अशी व्यवस्था उभी राहते. छत्रपती संभाजीनगर-परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणास केंद्रीय मंत्रिमंडळाने ३१ जुलै २०२५ रोजी मंजुरी दिली, हे योग्यच झाले. पण रेल्वेचे भाडे कितीही किफायतशीर झाले तरी कारखाना ते डेपो हा पंचवीस किलोमीटरचा तुकडा महाग व बेभरवशाचा राहिला, तर एकूण हिशोब रस्त्याच्याच बाजूने झुकेल. रेल्वेची स्पर्धाक्षमता येथे रेल्वेच्या हाती नाही, ती फाटकावरील रांगेच्या हाती आहे.

विद्युत ट्रक व लॉस एंजेलिसचा अनुभव

जुलै २०२५ मध्ये 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेखाली विद्युत ट्रकांसाठी प्रत्येकी कमाल ९.६ लाख रुपयांपर्यंतचे प्रोत्साहन जाहीर झाले. लघुअंतर वाहतूक यास आदर्श, असे म्हटले जाते. अंतर ठरलेले, वाहन रोज मुक्कामी परतणारे, बॅटरी संपण्याची भीती कमी. हे खरे असले तरी विद्युत वाहन जे वाचविते ते किलोमीटरमागे वाचविते, आणि त्याची जादा किंमत पहिल्याच दिवशी मोजावी लागते. वरील उदाहरणातील ट्रेलर एका फेरीने दिवसाला पन्नास, म्हणजे तीनशे दिवसांत पंधरा हजार किलोमीटर धावतो. एवढ्या अल्प धावेवर जादा भांडवल फिटणे दुष्कर आहे. दोन फेऱ्या झाल्या तर धाव तीस हजारांवर जाते आणि त्याच वाहनाचे गणित बदलू लागते. म्हणजे अनुदानाच्या आधी रांग कमी होणे आवश्यक आहे. योजनेत जुने वाहन मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र मागितले जाते. लांब पल्ल्यातून निवृत्त झालेली वाहने लघुअंतर कामावर येतात हे पाहता, ज्याच्याकडे एकच जुना ट्रेलर आहे त्यास ही अट विशेष जड जाईल.

लॉस एंजेलिस व लाँग बीच बंदरांचा अनुभव या ठिकाणी उद्बोधक आहे. कॅलिफोर्नियाने २००२ मध्ये कायदा करून बंदराच्या फाटकावर तीस मिनिटांहून अधिक काळ ट्रक इंजिन सुरू ठेवून ताटकळल्यास टर्मिनलला २५० डॉलर दंड ठरविला. आगाऊ वेळ देण्याची पद्धत सुरू केल्यास या दंडातून सुटका होती. टर्मिनलांनी ती पद्धत कागदोपत्री सुरू केली. जिनेव्हीव्ह जुलियानो व थॉमस ओब्रायन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रांगा त्यामुळे घटल्याचा पुरावा मिळाला नाही. पुढे १ ऑक्टोबर २००८ पासून १९८९ पूर्वीच्या ट्रकांना बंदी घालून स्वच्छ ट्रकांचा कार्यक्रम सुरू झाला. हवा सुधारली, पण नव्या ट्रकांचे हप्ते अनेक ठिकाणी भाडेपट्ट्याच्या करारांतून चालकांच्याच माथी आले. चालक हा कंपनीचा कर्मचारी असावा, ही लॉस एंजेलिस बंदराची अट २०११ मध्ये न्यायालयात टिकली नाही. यंत्र बदलले, पण वेळेचा भार ज्याच्यावर होता त्याच्यावरच राहिला.

उपलब्ध माहितीचा वापर

येथील परिस्थितीत मोजणीचे साधन नव्याने निर्माण करण्याची आवश्यकता नाही. न्हावा शेवा येथे २०१६ पासून प्रत्येक कंटेनरला रेडिओ खूणचिठ्ठी लावून त्याचा प्रवास लॉजिस्टिक्स डेटा बँकेत नोंदला जातो. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा असल्याने वाहनाची ओळखही यंत्राला पटते. ई-वे बिलात वाहन क्रमांक असतो. या नोंदी एकमेकींस जोडण्यासाठी एकात्मिक लॉजिस्टिक्स इंटरफेस मंच (युलिप) उभारण्यात आला आहे. डेपोच्या वा मोठ्या कारखान्याच्या फाटकावर वाहन आत शिरल्याची व बाहेर पडल्याची वेळ या साखळीत घालणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. ती नोंद ट्रेलरमालकासही पाहता यावी आणि ठरावीक मोफत तासांनंतरचा आकार भाड्याच्या बिलात आपोआप चढावा, एवढी तरतूद ऑरिक क्षेत्रातील भूखंडधारकांच्या करारात किंवा जालन्याच्या पार्कच्या चालकाशी होणाऱ्या करारात करता येण्यासारखी आहे. सध्या खूणचिठ्ठी पेटीला लागते. ती पेटी पाठीवर घेऊन फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्या वाहनाचे तास कोणत्याही रकान्यात येत नाहीत.